डब्यातला नाताळ: वऱ्हाडातल्या जुन्या सजावटीची गोष्ट



मागच्या व्याख्यानात आपण वऱ्हाडातला कापूस आणि त्याच्या बाजारपेठा पाहिल्या. आज विषय जरा घरगुती आहे. इतका घरगुती की तो व्याख्यानाचा विषय होऊ शकतो का, असं आम्हालाही सुरुवातीला वाटलं होतं. पण कापसाशी त्याचं नातं आहे, ते शेवटी येईलच.

आमच्या घरी एक डबा आहे. डालड्याचा, पिवळ्या रंगाचा, वर हिरवं झाड छापलेला. वर्षाचे साडेअकरा महिने तो माळ्यावर असतो. डिसेंबरच्या मध्याला खाली यायचा, तेव्हा आम्ही पोरं त्याच्याभोवती गोल करून बसायचो. झाकण उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास. मग जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले काचेचे गोळे, क्रेप कागदाच्या पताका, कडा झिजलेली काही रंगीत चित्रकार्डं, मातीचे दोन मेंढपाळ, त्यातल्या एकाला डोकं नाही, आणि तळाशी कापूस. आणि दरवर्षी आजीचं तेच वाक्य, "हात नोको लावू रे बाप्पा, फुटन ते!"

अमरावती आणि अकोल्यातल्या जुन्या मराठी ख्रिस्ती घरांत असा एखादा डबा, ट्रंक किंवा बिस्किटाचं खोकं हमखास सापडतं. गेल्या काही हिवाळ्यांत आम्ही ओळखीच्या घरी जाऊन असे डबे पाहिले, माणसांशी बोललो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगायचं आहे. प्रश्न साधे आहेत. या वस्तू इथे आल्या कशा? ज्या प्रदेशात बर्फ म्हणजे उन्हाळ्यातला गोळा, तिथे नाताळाला बर्फ कुठून आला? आणि चार फुटके गोळे लोक तीन-तीन पिढ्या का जपतात?

आठवणीवर किती विसंबायचं?

आधी एक इशारा. बालपणीच्या सजावटीबद्दल बोलताना प्रत्येकाचा आवाज बदलतो. मराठीत याला 'स्मरणरंजन' असा छान शब्द आहे. त्यात रंजन आहे. पण युरोपात ज्या शब्दावरून तो आला, तो 'नॉस्टॅल्जिया' मुळात आजाराचं नाव होता. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्यानं घरापासून दूर असलेल्यांच्या दुखण्यासाठी तो बनवला. ग्रीकमधले दोन शब्द जोडले, परत येणं आणि वेदना. म्हणजे मूळ शब्दात वेदना होती, आपल्या शब्दात ती रंजन झाली. डब्यांबद्दल बोलणाऱ्या माणसांच्या बोलण्यात आम्हाला दोन्ही दिसलं.

इतिहासाचं काम करणाऱ्यानं आठवणीला खोटं म्हणू नये आणि पुरावाही समजू नये. तिला साक्षीदार समजावं. साक्षीदाराला प्रश्न विचारायचे असतात. तेच आपण करू.

साहेबाचा बडा दिन

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अमरावती, अकोला, एलिचपूर इथे साहेबांचे बंगले उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर नाताळ आला. लोकांच्या तोंडी तो 'बडा दिन'. त्या दिवशी हाताखालच्या मंडळींनी, व्यापाऱ्यांनी साहेबाला 'डाली' पाठवायची, म्हणजे फळं, मिठाई, सुकामेवा भरलेली टोपली. ही प्रथा हिंदुस्थानभर होती.

त्या बंगल्यांची सजावट कोण करायचं? माळी आणि नोकरचाकर. आणि ते करणार काय? त्यांना शुभप्रसंगी जे करायचं माहीत, तेच. फाटकाला केळीचे खांब, दाराला झेंडूच्या माळा. म्हणजे या बंगल्यांतल्या नाताळाची सजावट ही आपल्या लग्नघराची सजावट होती. नाताळ आणि झेंडूचं तोरण यांची जोडी कोणी ठरवून जमवलेली नाही, ती माळ्यांनी जमवली आहे.

मग ते झाड, ते चमकते गोळे? गंमत बघा, ते खुद्द इंग्लंडातही तेव्हा नवंच होतं. जर्मनीतली झाड सजवायची रीत इंग्लंडात सामान्य माणसांपर्यंत पोचली ती १८४८ नंतर, जेव्हा राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र सचित्र साप्ताहिकात छापून आलं. वऱ्हाड इंग्रजांकडे आला त्याच्या फक्त पाच वर्षं आधी!

अमेरिकेची गोष्ट आणखी वेगळी. १८१३ साली मुंबईत आलेले पहिले अमेरिकन मिशनरी, ज्यांच्यातून पुढे अहमदनगरचं मोठं काम उभं राहिलं, ते बॉस्टनकडच्या प्युरिटन वळणाचे. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला दंड होता, आणि तिथे नाताळाची सार्वजनिक सुट्टी सुरू व्हायला १८५६ साल उजाडलं. म्हणजे मराठी मुलखात आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या सामानात नाताळाची सजावट असण्याचं कारणच नव्हतं. 'आमच्या पूर्वापार परंपरा' असं आपण जेव्हा म्हणतो, मग ती कोणत्याही धर्माची असो, तेव्हा हे साल आठवावं.

दुष्काळ आणि चित्रकार्डं

वऱ्हाडातल्या अनेक ख्रिस्ती घरांची गोष्ट मात्र या बंगल्यांत सुरू होत नाही. ती दुष्काळात सुरू होते.

१८८० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या ए. बी. सिम्पसन यांनी सुरू केलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सनं अकोल्यात काम सुरू केलं. हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर १९०० साली इंग्रजीत पुस्तक लिहिणाऱ्या जेनी फुलर या त्याच मिशनच्या. १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि मागोमाग १८९९-१९०० चा. हा दुसरा म्हणजे छप्पनचा दुष्काळ, मारवाडी-गुजराती व्यापाऱ्यांच्या विक्रम संवत १९५६ वरून पडलेलं नाव. १९०१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २७ लाख ५४ हजार भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा जवळपास पाच टक्क्यांनी कमी. वाढायला हवी ती घटली. या दुष्काळांत आईबाप गेलेली, रस्त्यावर आलेली मुलं मिशनांच्या अनाथाश्रमांत आली. वऱ्हाडातही आणि वऱ्हाडाबाहेरही.

इथे जरा थांबू या. या मुलांपैकी कित्येकांना आपलं गाव सांगता येत नव्हतं. आपल्याकडे घराण्याची ओळख कशावरून सांगतात? कुलदैवत, मूळ गाव, भाऊबंदकी, वाटणीत आलेलं तांब्याचं घंगाळ, देव्हाऱ्यातले टाक. दुष्काळातून आलेल्या मुलाकडे यातलं काहीही नव्हतं. अशा घरांची वंशावळ मागे जाता जाता १९०० पाशी थांबते. त्याच्या मागे काळोख.

आमच्या एका बाजूच्या घराण्याचंही तसंच आहे. पणजी पाच-सहा वर्षांची असताना आश्रमात आली, एवढंच ठाऊक. कुठून, कोणाची, ठाऊक नाही.

मग अशा मुलीकडे स्वतःची म्हणावी अशी पहिली वस्तू कोणती असेल? आमच्याकडे सांगतात ती गोष्ट अशी: नाताळाला मिळालेलं एक चित्रकार्ड. त्या काळात अमेरिका-इंग्लंडातल्या रविवारच्या शाळांमधली मुलं वापरून झालेली चित्रकार्डं गोळा करून मिशनांना पाठवत. बोटीनं खोकी येत. त्यात कपडे, बाहुल्या, आणि ही कार्डं. एका बाजूला रंगीत छपाईचं चित्र, दुसऱ्या बाजूला कधी एखादं वचन, तर कधी दुसऱ्याच कुणा मुलीचं नाव. रंगीत चित्र ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. ते कार्ड भिंतीला बाभळीच्या काट्यानं टोचायचं, ही त्या मुलीची नाताळाची सजावट.

आमच्या डब्यातल्या कार्डांना वरच्या कडेला बारीक भोकं आहेत. एकाला नऊ. नऊ वेळा ते लावलं आणि काढलं गेलं असावं. त्या कार्डावर बर्फातलं एक घर आहे आणि खिडकीत दिवा. जिनं ते जपलं, तिनं बर्फ कधी पाहिला नाही. खिडकीत दिवा असलेलं घर मात्र तिला हवं असणार.

म्हणून आम्ही म्हणतो, ज्या घरात टाक नाहीत, घंगाळ नाही, सात-बारा नाही, तिथे हा डबाच वारसा. आजीचा "हात नोको लावू" हा कंजूसपणा नव्हता.

कामट्या, खळ आणि रुई

आता बाहेरून आलेल्या वस्तू सोडून घरी बनलेल्या वस्तूंकडे येऊ. त्याच खरं तर जास्त आहेत.

पहिली वस्तू, चांदणी. कागदी चांदणीचा एक प्रसिद्ध इतिहास जर्मनीतला. १८३० च्या दशकात मोरावियन पंथाच्या नीस्की इथल्या शाळेत मुलांना भूमिती शिकवायला कागदाची अनेक टोकांची चांदणी करायला लावत. पुढे हेर्नहुट गावी तिचा कारखाना निघाला. पण वऱ्हाडातली चांदणी त्या वाटेनं आलेली नाही. ती बुरुडआळीतून आली. कामट्या बुरुडाच्या. दोन पंचकोनी चांदण्या बांधायच्या, मधे आडव्या काड्या देऊन फुगवटा आणायचा, वर पतंगी कागद, चिकटवायला कणकेची खळ, खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कीड लागत नाही. हे सगळं तंत्र कशाचं? आकाशकंदिलाचं! दिवाळी आणि नाताळ यांच्यात दीड-दोन महिन्यांचं अंतर. ज्या पोरानं शेजाऱ्याच्या घरचा आकाशकंदील बांधायला हात लावला, तोच शेजारी नाताळाला चांदणी बांधायला हात लावायला यायचा. आम्हाला भेटलेल्या एका काकांनी सांगितलं की त्यांच्या गल्लीत सांगाडा एकच असायचा. दिवाळीचा कागद फाडून नाताळाचा चिकटवायचा, फक्त टोकं वाढवायची.

आत दिवा कोणता? आधी पणती. ती हललीच तर चांदणी पेटायची, आणि दर दोन-तीन वर्षांनी कोणाची तरी पेटायचीच. मग काच असलेला छोटा कंदील. वीज आल्यावर चाळीसचा बल्ब, आणि त्याच्या उष्णतेनं तपकिरी पडलेला कागद. जुन्या चांदणीचा मधला भाग करपलेला दिसला तर ती विजेच्या काळातली, काजळी दिसली तर त्याआधीची. कोणीही घरी तपासून बघावं.

दुसरी वस्तू, गोठा. हा देखावा कॅथलिक घरांत जास्त. १९५५ साली अमरावतीचं स्वतंत्र धर्मप्रांत झालं, तेव्हापासून चर्चमधले देखावे मोठे होत गेले. गोठ्याचा देखावा मांडायची परंपरा संत फ्रान्सिस यांच्याशी जोडतात. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्यांनी गव्हाण मांडून, खरे बैल-गाढव आणून नाताळ केला. म्हणजे ही परंपराच मुळी शेतकऱ्याच्या गोठ्याची. वऱ्हाडातल्या माणसाला गव्हाण म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. लंडनच्या मुलाला लागेल, इथल्या नाही.

मग देखाव्यातली जनावरं कुठली? पोळ्याची! पोळ्याला घेतलेले मातीचे बैल जपून ठेवायचे आणि नाताळाला गोठ्यात बांधायचे. तान्ह्या पोळ्याचा चाकं लावलेला लाकडी नंदी एका घरात आम्ही गोठ्यात उभा पाहिला, चाकं गवतात लपवलेली. आणि बाया? भुलाबाईच्या दिवसांत बाजारात कुंभारांकडे भुलोजी-भुलाबाईच्या मूर्ती येतात. एका घरातली मरिया ही उघड उघड भुलाबाई होती, निळ्या रंगाचा एक हात वरून दिलेला. तिथल्या मावशी हसून म्हणाल्या, "काहून? तिच्याही मांडीवर लेकरूच हाये न!"

काही अभ्यासक याला मोठी नावं देतील, संस्कृतीकरण वगैरे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर पुढे ओवी-अभंगांतून ख्रिस्ती भक्ती मराठीत आणली, ते जाणूनबुजून केलेलं मोठं काम होतं. पण ही भुलाबाईची मरिया कोणी जाणूनबुजून केली नाही. हाताशी जे होतं ते वापरलं. इतिहासात बहुतेक गोष्टी अशाच होतात.

तिसरी वस्तू, बर्फ. परदेशी चित्रात झाडावर बर्फ असतो, म्हणून आपल्याही झाडावर हवा. झाड कुठलं? सुरूची फांदी. सूचिपर्णी झाडं वऱ्हाडात नाहीत, सुरू लांबून तसा दिसतो. आणि बर्फ? डिसेंबरात वऱ्हाडात पांढरं काय असतं? वेचणी चालू असते, जिनिंगकडे बंड्यांची रांग लागलेली असते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना बोंडातून उडालेला कापूस अडकलेला असतो. शहरातली पोरं बंड्यांच्या मागे जाऊन पडलेला कापूस ओटीत भरून आणायची. सरकी काढायची, हातानं पिंजायचा आणि फांदीवर ठेवायचा. जगात अनेक ठिकाणी नाताळाच्या झाडावर कापूस लावतात. आमच्याकडे तो रस्त्यावरून आणलेला असायचा, एवढाच फरक.

काचेचा गोळा काय सांगतो

आता त्या काचेच्या गोळ्यांकडे येऊ, कारण इथे आमची आठवण उघडी पडली.

आमच्या घरात पक्की समजूत होती, "हे मडमीनं देल्ले पणजीले, आश्रमातून निंगतानी." म्हणजे १९१० च्या आसपास. आम्हीही तसंच सांगत आलो. मग एकदा नीट पाहिलं. गोळ्याच्या वर अडकवायला पातळ पत्र्याची टोपी असते. एका टोपीवर भिंगातून अक्षरं दिसली, 'ऑक्युपाइड जपान'.

दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४५ ते १९५२ जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. त्या काळातल्या जपानी निर्यात मालावर असा शिक्का असायचा. म्हणजे आमचा गोळा १९१० चा असूच शकत नाही. पणजीच्या लेकराबाळांच्या काळातला आहे.

या गोळ्यांचा मोठा इतिहास थोडक्यात असा. जर्मनीतल्या थुरिंगियातलं लाउशा हे गाव काच फुंकणाऱ्यांचं. एकोणिसाव्या शतकात तिथे घराघरांत असे पोकळ गोळे होऊ लागले. आतून चांदीच्या क्षाराचं द्रावण फिरवून आरशासारखा लेप द्यायचा. १८८० च्या सुमारास अमेरिकन दुकानदार वुलवर्थनं ते आणले आणि लाखांनी खपवले. पहिल्या महायुद्धानं जर्मन माल अडला तेव्हा जपानी माल पुढे आला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकेत कॉर्निंग कंपनीनं विजेचे बल्ब बनवणाऱ्या यंत्रावर गोळे काढायला सुरुवात केली. युद्धात धातू मिळेना, तेव्हा गोळ्यांना आतला लेप नाही आणि वर पत्र्याऐवजी पुठ्ठ्याची टोपी. म्हणून टोपी महत्त्वाची. गोळ्याचं वय त्याच्या टोपीत असतं.

मग आमच्या घरी तो आला कसा? शोधता शोधता एक शक्यता दिसते. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू परत जाऊ लागले. अकोला-अमरावती तेव्हा मध्य प्रदेशात होते. त्या सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी १९५४ साली नियोगी समिती नेमली, तिचा अहवाल १९५६ ला आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. या सगळ्या धामधुमीच्या वर्षांत बंगले रिकामे होत गेले. निघताना माणसं घरातल्या वस्तू देऊन टाकतात. गोळे तेव्हाचे असावेत, कुणा मडमीनं आजीलाच दिलेले.

म्हणजे 'मडमीनं दिले' हे बरोबर निघू शकतं, 'पणजीला' हे चूक. आठवणीनं काय केलं? डब्यातली सगळ्यात चमकती वस्तू उचलली आणि सगळ्यात जुन्या माणसाच्या हातात नेऊन ठेवली. पणजीची खरी वस्तू कार्ड होती, भोकं पडलेलं, मळकं. पण गोष्ट सांगताना माणसाला चमकणारी वस्तू हवी असते.

हे कळल्यावर घरात थोडी नाराजी झाली. एक आत्या तर म्हणाल्या, "कायले काढलं ते भिंग?" प्रश्न बरोबर आहे. आमचं उत्तर असं की भिंग काढलं म्हणून कार्डाकडे लक्ष गेलं. नाहीतर ती कार्डं पुढच्या आवराआवरीत रद्दीत गेली असती.

न मिळणारी वस्तू

आता शेवटचा प्रश्न. लोकांनी हे गोळे एवढे का जपले?

भावना आहेच. पण त्यामागे एक रुक्ष कारणही आहे. १९५६-५७ मध्ये देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि आयातीवर कडक बंधनं आली. चैनीच्या वस्तू बाहेरून आणणं जवळजवळ बंद झालं. १९९१ नंतर धोरण सैल झालं, पण ग्राहकोपयोगी वस्तूंवरची संख्यात्मक बंधनं पूर्ण उठली ती १ एप्रिल २००१ ला. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं असा गोळा फुटला की दुसरा परदेशी गोळा मिळणं मुश्कील. सहा होते त्याचे पाच झाले, पाचाचे चार. प्रत्येक फुटलेल्या गोळ्याची घरात तारीख आहे. एक ताईच्या लग्नाच्या वर्षी, एक मांजरानं, एक आमच्याच हातून, आणि त्या दिवशी खाल्लेला मार अजून आठवतो.

अनेक पिढ्यांचं नाताळाचं बालपण या बंद दाराच्या काळातलं आहे. 'आमच्या लहानपणी सजावट किती जपायचे!' असं आपण म्हणतो, त्यात संस्कारांचा वाटा आहे आणि आयात धोरणाचाही. २००१ नंतर बाजार चिनी मालानं भरला. पन्नास रुपयांत डझनभर प्लॅस्टिकचे गोळे, पडले तरी न फुटणारे. मधल्या काळात थर्माकोल आला होता, त्याची नक्षीदार चर्च, त्याचे तारे. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिक-थर्माकोलवर बंदी आली आणि त्याची सजावट मागे पडली. आता बॅटरीवरच्या चांदण्या आहेत. त्या सुंदर दिसतात. त्यांच्यावर रागवायचं कारण नाही. फक्त न फुटणाऱ्या गोळ्याला कोणी "हात नोको लावू" म्हणत नाही, आणि ज्याला कोणी तसं म्हणत नाही ते माळ्यावर जात नाही.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक १० लाख ८० हजारांच्या आसपास, एक टक्क्याहून थोडे कमी. त्यातले वऱ्हाडातले अगदी थोडे. त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं ते मुख्यतः मिशनच्या अहवालांत, किंवा मिशनच्या विरोधात. दोन्हीकडे ही माणसं आकडे म्हणून येतात. घरात ती कशी राहत होती, सणाला काय करत होती, हे या डब्यांत आहे. आणि डबे आता जायला लागलेत. मुलं पुण्या-मुंबईला, काही परदेशात. जुनी घरं विकली जाताहेत. फ्लॅटला माळा नसतो.

म्हणून शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. तुमच्या घरी असा डबा असेल, मग तो नाताळाचा असो, गणपतीच्या आराशीचा की भुलाबाईचा, तर चार गोष्टी करा. काचेचा जुना गोळा ओल्या फडक्यानं पुसू नका, रंग आणि लेप निघून येतो. मऊ, कोरड्या सुती कापडात गुंडाळा. वस्तूसोबत कागदाची चिठ्ठी ठेवा, पेन्सिलीनं लिहिलेली, कारण शाई उतरते: कोणाची, कधीची, कोणी सांगितलं. आणि घरातलं सगळ्यात मोठं माणूस डबा उघडत असताना त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. चूक सांगतील, सांगू द्या. चूक पुढे तपासता येते, न सांगितलेलं तपासता येत नाही.

आता सुरुवातीला म्हटलेली कापसाची गोष्ट. आमच्या डब्याच्या तळाशी कापूस आहे. दरवर्षी बर्फासाठी आणलेला कापूस नंतर गोळ्यांखाली गादी म्हणून ठेवायचा, जुना कधी टाकला नाही. त्यामुळे त्याचे थर झालेत. मागच्या डिसेंबरात आम्ही ते थर हळूच सोडवले. अगदी खालचा पिवळट आणि आखूड धाग्याचा, हाताला जरा खरखरीत. तो जुन्या गावरान कपाशीचा असावा. त्याच्या वरचा लांब आणि मऊ धाग्याचा, संकरित वाणांच्या काळातला. सुरतहून डॉ. सी. टी. पटेल यांचं 'एच-४' हे वाण १९७० साली आलं, त्यानंतर वऱ्हाडाचा कापूस बदलत गेला. सगळ्यात वरचा २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली त्यानंतरचा, पांढराशुभ्र. मागच्या व्याख्यानात आपण ज्या कापसाचे आकडे पाहिले, तो कापूस इथे गोळ्यांखाली पडून आहे.

आजी आता नाहीत. यंदा डबा कोणी न्यायचा यावर आम्हा भावंडांत अजून एकमत झालेलं नाही. तोवर तो माळ्यावरच आहे. चिठ्ठ्या मात्र लिहून झाल्यात. कार्डाच्या चिठ्ठीवर पणजीचं नाव आहे, आणि 'गाव' या शब्दापुढे जागा मोकळी सोडली आहे.

आता प्रश्न असतील तर घेऊ या.